परत म्हण

३ सप्टेंबर, मंगळवार

भोंगा आजही आली नाही! सलग चौथा वर्ग. निरोप नाही, चिठ्ठी नाही. अकरा पोरींत एक आवाज कमी झाला तर काय एवढं बिघडलं, असं ज्याला वाटत असेल त्यानं आज वर्गात येऊन बसायला हवं होतं. उरलेल्या दहा जणी आजवर तिच्या आवाजाला टेकून गात होत्या, हे माझ्या आज लक्षात आलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

भोंगा हे नाव मी ठेवलेलं नाही, पोरींनी ठेवलंय. सोळा वर्षांची, एवढीशी मुलगी आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचा बाइंडर डिंकाचा ब्रश हातात धरून वर बघतो. दोन वर्षं तिला मी एकच सांगतेय — आवाज खाली घे. समूहगान आहे, तुझ्या एकटीचं नाही. ती हसायची, आवाज खाली घ्यायची आणि पाच मिनिटांत पुन्हा वर. आज गप्प खोलीत मला तिचाच राग येत होता आणि तिचीच आठवणही येत होती.

वैतागून घरी आले तर आत्याचं सुरू. 'भोंगा आली नाही,' म्हटलं. 'काय? परत बोल.' परत बोलले. 'पंखा चालला नाही?' अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये जपून ठेवते, म्हणे बॅटरी उतरते! दिवसातून चाळीस वेळा 'परत बोल'. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढतो आणि मग तिला तो ऐकू येतो. मग वर म्हणणार, ओरडतेस कशाला.

५ सप्टेंबर, गुरुवार

पोरींना धरून विचारलं. आधी सगळ्या बुटांकडे बघत राहिल्या. मग जुळ्यांपैकी एकीनं वाक्य सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे दुसरीनं संपवलं. "बाई, ते कठड्यावरचे —" "— तिला सगळ्यात जास्त बोलायचे."

कठडा कंपनी! आमच्या इमारतीतून बस स्टॉपला जाताना कालव्याचा बुटका कठडा लागतो. चार वाजल्यापासून पाच-सहा जण त्यावर बसलेले असतात. कामधंदा काय, कुणास ठाऊक. आमच्या खिडकीतून आलाप ऐकतात, पाठ करतात आणि पोरी खाली उतरल्या की तेच आलाप त्यांच्यावर फेकतात, मध्ये आपले शब्द घालून. लाल टोपीवाला त्यांचा मुख्य गायक.

मला हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर जूनमध्ये घड्याळकाकांना सांगितलं होतं की वर्ग सुटला की पोरींना स्टॉपपर्यंत तुम्ही सोडा. घड्याळकाका म्हणजे आमचे पियानोवाले. अकरा वर्षं माझ्याबरोबर आहेत. चारच्या ठोक्याला दारात, एक मात्रा इकडची तिकडे नाही, म्हणून पोरींनी घड्याळ केलं त्यांचं. भोंग्याची बस सगळ्यात शेवटची. बाकीच्या गेल्या तरी ती वर खुर्च्या लावत बसायची, तर हे दुसरी फेरी मारून तिला न्यायला परत यायचे. एवढं कोण करतं?

आज त्यांना म्हटलं, भोंगा का येत नसेल हो? म्हणाले, वय असतं बाई, या वयात पोरी अशाच गळतात, मनाला लावून घेऊ नका.

मग मी स्वतः पोरींबरोबर गेले. कठडा आला. लाल टोपीनं आमचा परवाचाच आलाप लावला आणि त्यात जे घातलं ते इथे लिहवत नाही. माझ्यावरही एक घातलं, वयाला धरून. मी काय केलं? मान खाली घातली आणि भराभर चालायला लागले. त्रेपन्न वर्षांची शिकवणारी बाई! मागे दहा पोरी माझ्याकडे बघून माना खाली घालत होत्या. अंगाचा नुसता तिळपापड झालाय. त्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त.

७ सप्टेंबर, शनिवार

भोंग्याच्या घरी जाऊन आले. आईची लाँड्री आहे — पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्र्या, त्याच्या मागे घर. पोरगी चादरींच्या घड्या घालत होती. मला बघून हसली नाही. 'गळा बसलाय,' एवढं कुजबुजली. मी टॉर्च मागवून घसा बघितला. लाल नाही, सुजलेला नाही, काही नाही. चांगला ठणठणीत गळा!

आईला काहीच माहीत नाही. तिला वाटतं मी ओरडले म्हणून रुसली. मी ओरडलेच नाही हे पटवताना माझा आवाज चढला.

निघताना भोंगा काउंटरपर्यंत आली. म्हणाली, वर्ग संपायच्या आधी एकटी निघाले तर चालेल का? मी म्हटलं, मुळीच नाही. त्या कठड्यासमोरून एकटीनं जायचं? काका सोडतात ना, हवं तर त्यांना दारापर्यंत सोडायला सांगते. ती पुन्हा घड्या घालायला लागली. या वयाच्या मुलींशी कसं बोलायचं ते मला या जन्मात जमणार नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

पोलीस चौकी. दीड तास बाकावर.

हवालदार माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. नाव, पत्ता, किती जण, किती वाजता, सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "काय म्हणाले नेमकं? शब्द सांगा."

मी म्हटलं, वाईटसाईट बोलतात.

"वाईटसाईट असं लिहिता येत नाही बाई. शब्द लागतात."

आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली! तोंडपाठ आहेत मला ते शब्द, गुरुवारपासून डोक्यात घुमतायत. पण बाहेर पडेनात. शेजारच्या बाकावर कुणी सायकल चोरीला गेलेले गृहस्थ बसले होते, तेही कान देऊन ऐकत होते. घाण त्यांनी केली आणि लाजेनं मान माझी खाली. शेवटी हवालदारानं 'अपशब्द' असं लिहिलं आणि सुचवलं की वर्गाची वेळ बदलून बघा. म्हणजे रस्ता त्यांचा, आणि वेळ बदलायची आम्ही!

बाहेर आले आणि चौकीच्या पायरीवर उभी राहून रडले. रागानं.

१० सप्टेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी त्याच तिरीमिरीत एक गाणं लिहिलं. शब्द माझे, चाल माझी. पोरींनी हे गात गात कठड्यावरून जायचं, छाती पुढे काढून, असा बेत.

रस्ता आहे सर्वांचा,
मान राखा दुसऱ्यांचा.

लिहिताना बरं वाटलं होतं. आज पोरींनी म्हटलं तेव्हा कळलं काय झालंय ते. चष्मेवाली जांभई दाबत होती. बाइंडर काहीतरी निमित्त काढून वर आला, दोन कडवी ऐकली आणि म्हणाला, चांगलं आहे बाई, पाणीपट्टी वेळेवर भरा असं कुणी सांगतंय तसं वाटतं.

घड्याळकाकांना मात्र आवडलं. सभ्य आहे म्हणाले.

गाणं संपलं आणि उघड्या खिडकीखालून टाळ्या. कडाडून! आणि मग लाल टोपीचा आवाज, "वन्स मोर!"

१२ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस लागले त्यांना. फक्त दोन! आज पोरी उतरल्या तर कठड्यावर सगळे एका रांगेत उभे राहून माझीच चाल गात होते, हात बांधून, शाळेतल्या मुलांसारखे —

रस्ता आहे सर्वांचा,
हात धरा दुसऱ्यांचा.

आणि धरला. चष्मेवालीचा. अर्धा क्षणच, मग सोडला आणि सगळे हसले. काका तेव्हा दोन पावलं मागे होते, पुढे झाले, काहीतरी बोलले, ते पांगले. पण मुलीचं मनगट मी बघितलं. ती ते सगळा वेळ फ्रॉकला पुसत राहिली होती.

माझ्या चालीवर! मी बनवलेल्या चालीवर! घरी येऊन कागद फाडला, मग तुकडे पुन्हा फाडले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

डोकं दुखतंय. आत्यालाही काही परत सांगितलं नाही आज. तिनं विचारलंही नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

आत्यानं कानाचं यंत्र लावलं! स्वतःहून! समोर खुर्ची ओढून म्हणाली, आता सांग, तीन दिवस तोंड पाडून का बसलीयस.

सगळं सांगितलं. कठडा, चौकी, गाणं, मनगट. हवालदारासमोर जीभ उचलेना हेही. आत्या हसली. मला आधी रागच आला.

मग म्हणाली, आम्हाला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रोजचंच होतं. हे मला ठाऊकच नव्हतं. आत्या एकतीस वर्षं ऑपरेटर होती, पण नोकरीच्या गोष्टी म्हणजे आपल्या बदल्या, साहेब आणि डब्यात कुणी काय आणलं. दिवसाला चार-पाच फोन नुसते घाण बोलायला यायचे म्हणे. आणि फोन ठेवायची परवानगी नाही! गिऱ्हाईकानं ठेवल्याशिवाय ऑपरेटरनं लाइन सोडायची नाही असा नियम.

"मग काय करायचात?"

"नियमानंच वागायचो. 'आवाज अस्पष्ट येतो आहे, कृपया परत बोला.' तो परत बोलायचा, जरा बिचकून. 'अजून अस्पष्ट आहे, कृपया मोठ्यानं बोला.' तिसऱ्यांदा बोलणारा मला एकतीस वर्षांत भेटला नाही."

एकदा एक जण फारच चिकट निघाला, तेव्हा एका ओळीत बसलेल्या बाराही जणींनी त्याच लाइनमध्ये आपापल्या बोर्डावरच्या प्लगच्या खुंट्या घातल्या आणि एका सुरात म्हटलं, कृपया परत बोला. आत्यानं ते मला म्हणून दाखवलं. अठ्ठ्याहत्तरची बाई, पाठ ताठ, आवाज असा की पेल्यातलं पाणी हललं असेल. मी एवढी वर्षं या बाईच्या 'परत बोल'ला वैतागत होते.

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'परत म्हण' हे मी दिवसातून शंभर वेळा म्हणते! गाणं चुकलं की परत म्हण. सूर घसरला, परत म्हण. तोंडातल्या तोंडात गायलीस, मोठ्यानं म्हण. पोरी माझी नक्कल करतात ती याच दोन शब्दांनी. गाणंही म्हणायचं आणि बोलणंही म्हणायचं. गाणं शोधायला कुठे कुठे फिरले, आणि ते माझ्या तोंडात होतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज खुर्च्या गोल मांडल्या. पोरींना सांगितलं, रस्त्यात, बसमध्ये, कुठेही जे ऐकावं लागलं ते एकेकीनं म्हणायचं. तसंच. शब्द न गाळता. बाकीच्यांनी ताल धरायचा.

कोण म्हणतंय! पाच मिनिटं नुसत्या टाळ्या. शेवटी मीच सुरुवात केली. लाल टोपी माझ्या वयावर जे बोलला ते, शब्दन् शब्द. कानशिलं तापली माझी. आणि मग चष्मेवाली, जी कधी तोंड उघडत नाही, ती हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "परत म्हण. सूर लागला नाही."

हसता हसता पुरेवाट! मी परत म्हटलं. दुसऱ्या वेळी ते वाक्य नुसतंच बावळट वाटलं. तिसऱ्या वेळी मला स्वतःलाच पुढे म्हणता येईना, इतकं हसू येत होतं. मग रांगच लागली. जुळ्यांनी एक अर्धं अर्धं म्हटलं. एकजण मध्येच रडली, तिच्यासाठी थांबलो, मग तिनंच टाळी सुरू केली. तास संपेपर्यंत गाणं तयार होतं. लिहिलं कुणीच नाही.

काय म्हणालास? परत म्हण.
तोंड उघडून परत म्हण.
सगळ्यांदेखत परत म्हण.

प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक सूर वर. भोंगा असती तर तिसरी ओळ कालव्याच्या पलीकडे गेली असती.

काकांना नाही आवडलं. पोरींच्या तोंडी हे शब्द शोभतात का, म्हणाले. मी म्हटलं, शब्द पोरींचे नाहीतच काका, ज्यांचे त्यांना परत करतोय. त्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं. पण तिसऱ्या फेरीला त्यांची लय चुकली. घड्याळाची! अकरा वर्षांत पहिल्यांदा. पोरी फिदीफिदी हसल्या. वय होत चाललंय बिचाऱ्यांचं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

झालं!

साडेपाचला उतरलो. दहा पोरी, मी, मागे काका. कठडा भरलेला. लाल टोपीनं आलाप लावला आणि चष्मेवालीकडे बघून नेहमीचं वाक्य टाकलं.

पोरी थांबल्या. हेच ठरलं होतं — चालायचं नाही, थांबायचं. दहा जणी वळल्या, टाळी धरली, आणि पहिली ओळ. काय म्हणालास? परत म्हण.

त्याला वाटलं थट्टा आहे. म्हणाला परत, पण जीभ जरा अडखळली. पोरी एक सूर वर गेल्या. तोंड उघडून परत म्हण. आता त्याचे जोडीदार त्याच्याकडे बघायला लागले. चष्मेवाली पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "सूर खाली जातोय तुमचा. परत म्हणा." कठड्यावरचाच एकजण फुसकन हसला. लाल टोपीचे कान टोपीच्या रंगाचे झाले.

तिसऱ्या ओळीला स्टॉपवरून आवाज आले. दवाखान्यातली नर्स होती, गणवेशात. बस ड्रायव्हरबाई खिडकीतून वाकून टाळी देत होती. ओळखीचं ना पाळखीचं, पण गाणं एवढं सोपं की ऐकता ऐकता येतं. लाल टोपी उठून चालायला लागला. पळाला नाही, अजून तेवढा माज आहे, पण मागे बघत नव्हता.

लगेच एक गृहस्थ मला येऊन म्हणालेच, बाई, शिकलेल्या दिसता, भर रस्त्यात पोरींना हे शिकवता? रोज याच रस्त्यानं जातात हे गृहस्थ. आलाप चालायचे तेव्हा कधी थांबले नव्हते. मी म्हटलं, काय म्हणालात? परत म्हणा. तेही गेले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

जुळ्यांच्या वडिलांचा फोन. मुलींना पुढच्या आठवड्यापासून पाठवणार नाही. 'तमाशा नको.' तासभर समजावलं, गळा सुकला. उपयोग शून्य. म्हणजे आता आठ.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कठडा रिकामा! बाइंडर म्हणतो, पलीकडच्या पुलाखाली बसतात आता. म्हणजे तिकडच्या मुलींच्या माथी. पण ऐक ना — आज बसमध्ये मागच्या बाकावर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी म्हटलं आणि लगेच एका अनोळखी बाईचा आवाज आला, "काय म्हणालास? परत म्हण." आमच्याच चालीत! दोन बाकांवरून टाळी पडली. मी पुढे उभी होते, दांडीला धरून. मला कुणी ओळखलं नाही, आणि मला ते फार आवडलं.

आणि जुळ्या आल्या! वडिलांनी एकीला बंदी केली, दुसरीनं उपास धरला, असं काहीसं झालं म्हणे. कोण कुठली ते दोघींनी एकदम सांगितल्यामुळे कळलं नाही.

पोरींनी काकांना सांगून टाकलं की आता सोडायला यायची गरज नाही. ते म्हणाले, तरी येणार, जबाबदारी आहे माझी. शेवटी येऊ नका असं मला म्हणावं लागलं. जरा लागलं त्यांना.

सगळं मनासारखं होतंय आणि मला चैन नाही. कठड्यामुळे येत नव्हती ना भोंगा? जुळ्यांनी तिला सांगितलंय कठडा रिकामा झाला ते. मग आता का येत नाही? कशाला केला हा सगळा खटाटोप?

२६ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा लाँड्रीत. मी उत्साहानं सगळं सांगितलं, लाल टोपी कसा निघून गेला ते करून दाखवलं. आई पोट धरून हसली. भोंगाही हसली, एकदाच.

मग म्हणाली, "बाई, कठड्यावरच्यांना मी कधी घाबरलेच नाही. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचे."

मी गार! मग तू येत का नाहीस, म्हटलं. तिनं आईकडे बघितलं, चादर तोंडाजवळ धरली आणि काहीतरी बोलली. नेमकं तेव्हाच आईनं इस्त्री दाबली, वाफ सुटली, आणि मला फक्त 'जिना' एवढंच ऐकू आलं. मी उगाच मान डोलावली. बरं बरं म्हटलं. मंगळवारी ये हं, म्हटलं. आणि बस गाठायला निघाले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मी 'परत म्हण' का नाही म्हटलं?

सगळ्या गावाला शिकवत सुटलेय. रस्त्यातल्या गृहस्थांना म्हटलं. आणि पोर समोर उभी राहून, घसा बसलेला नसताना कुजबुजत काहीतरी सांगत होती, तेव्हा मला बस दिसत होती. आत्या बहिरी, पण ऐकू आलं नाही तर सरळ विचारते. मी मान डोलावते! स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज वर्ग नव्हता, तरी गेले. आमच्या जिन्यात वळणावरचा दिवा जूनपासून गेलाय. काका म्हणाले होते मी आणून लावतो, राहूनच गेलं. वळणावर दिवसाही हात दिसत नाही. अंधारालाच घाबरत असेल का पोरगी? की कठड्यावरचा कुणी आत येऊन उभा राहायचा? बाइंडरची शिडी घेऊन मीच दिवा बदलला. पाच मिनिटांचं काम! चार महिने लागले.

मग लाँड्रीत चिठ्ठी ठेवून आले. 'मंगळवारी ये. गायचं नसेल तर गाऊ नकोस. जिन्यात दिवा लावलाय. तू परवा जे बोललीस ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी विचारलं नाही, ही माझी चूक. परत म्हण. कितीही वेळा म्हण, मी ऐकेन.'

१ ऑक्टोबर, मंगळवार

भोंगा आली. गोलात बसली. तिची पाळी आली तेव्हा तिनं खिडकीकडे पाठ केली आणि पियानोकडे बघत म्हणाली, "जिन्यात, अंधारात, माझा दंड धरून — 'आवाज खाली घे. बाई रोज काय सांगतात?'"

माझंच वाक्य.

टाळी थांबली. पियानो आधीच थांबला होता. काका माझ्याकडे बघून हसले, पोरीचं काय मनावर घेता, असं. अकरा वर्षं त्या हसण्याला मी मान डोलावलीय.

मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. "काय म्हणालात? परत म्हणा," म्हटलं, आवाज खाली न घेता. मग भोंग्यानं तेच म्हटलं. मग सगळ्यांनी.